मंडई, म्युनिक आणि भावी नगरसेवक

परदेशात राहणाऱ्याने पुण्यात फ्लेक्सचा विषय निघाला की 'आमच्याकडे असलं काही नसतं' म्हणावं, अशी अपेक्षा असते. मी म्युनिकला राहतो आणि हे वाक्य खोटं आहे. ८ मार्च २०२६ ला इथे महापालिकेची निवडणूक झाली. त्याआधीचे काही आठवडे कॅमेरा घेऊन बाहेर पडलं की प्रत्येक वळणावर कुणीतरी उमेदवार हसतच होता. फरक एवढाच की मतदान उरकलं की हे फलक काढावे लागतात. वाढदिवस, दहीहंडी, कुणाची तरी निवड असली निमित्तं त्यांना मिळत नाहीत.

दिवाळीत पुण्याला आलो होतो, तेव्हा मंडईचा फोटो काढायला भल्या पहाटे गेलो. मनोऱ्याच्या दगडावर कोवळं ऊन हवं होतं, ते मिळालंही. पण खालचा एक तृतीयांश भाग फ्लेक्सने खाल्लेला. गॉगल लावून हात जोडलेले एक 'भावी नगरसेवक', वर गोलात नेतेमंडळी, तळाला शुभेच्छुकांची रांग. माझ्यासारख्या हौशी फोटोग्राफरची पहिली प्रतिक्रिया म्हणजे कोन बदलायचा, नाहीतर घरी जाऊन कापायचं. मी दोन पावलं मागे गेलो आणि त्या भावींनाही नीट फोकसमध्ये घेतलं. गंमत अशी की या इमारतीला ज्यांचं नाव आहे ते जोतीराव फुले १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि मंडईवर एवढा पैसा ओतायला त्यांचा विरोध होता. तो शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. सभागृहात बसून विरोध करायची सोय त्यांना इंग्रजांच्या राज्यातही होती!

आपल्याला मात्र ती मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ पर्यंत नव्हती. महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक लांबतच गेली: आधी ओबीसी आरक्षण, मग प्रभागरचना, मग कोर्टाच्या तारखा, आणि तोवर आयुक्तच प्रशासक. बजेटही त्यांनीच मांडायचं आणि मंजूरही त्यांनीच करायचं. राज्यघटनेच्या कलम २४३-यू मध्ये स्पष्ट लिहिलंय की मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्याआधी निवडणूक. तरीही पावणेचार वर्षांहून जास्त काळ पुण्याला एकही नगरसेवक नव्हता. अशा वेळी इच्छुकाने करायचं काय? सभागृह नाही, प्रश्न विचारायला जागा नाही, निधी नाही. मग तो चौकात फ्लेक्स लावतो. त्याचं समर्थन करत नाही. घाटकोपरला मे २०२४ मध्ये बेकायदा होर्डिंग कोसळून १७ जण गेले, त्यानंतर असल्या लोखंडी सांगाड्यांखालून जाताना माझी मान आपोआप वर जाते. पण 'शहर विद्रूप होतं' एवढ्यावरच आपली चर्चा अडते, आणि ती मला फोटोतला कोपरा कापण्यासारखी वाटते.

इथल्या पद्धतीचं कौतुक करायचंच तर मतपत्रिकेचं करेन. नगरसभेत ८० जागा, म्हणून मतदाराला ८० मतं, आणि आवडत्या उमेदवाराला त्यातली तीनपर्यंत देता येतात. टेबल व्यापून टाकणारा तो कागद एका जर्मन शेजाऱ्याने मला घरी दाखवला. युरोपीय संघाच्या नागरिकांना इथे मत आहे, भारतीय पासपोर्टवाल्याला नाही; त्यामुळे माझं काम बघण्याचं आणि फोटो काढण्याचं. इथेही वॉर्डाचा एकच माणूस नसतो, पण शहराचे २५ भाग आहेत आणि प्रत्येकाची स्वतःची निवडून आलेली समिती असते. पुण्यात ४१ प्रभाग, एक सोडून सगळे चारसदस्यीय. ड्रेनेज तुंबलं की चौघांपैकी कुणाला फोन करायचा, हे माझ्या आईला अजून कळलेलं नाही. चौघंही एकमेकांचे नंबर देतात.

आता १६५ जण निवडून आलेत. त्यांची मुदत २०३१ मध्ये संपेल. प्रभागरचना आणि आरक्षणाचा घोळ त्यासाठी २०३० मध्येच मिटवा, हे आत्तापासून सांगायला हवं. आणि जमलंच तर एका प्रभागाला एकच नगरसेवक द्या, मुंबईला देता तसा.