लाईफ संपली म्हणे!

सकाळपासून डोकं फिरलंय. वॉशिंग मशीन बंद पडलं म्हणून सर्व्हिस सेंटरचा मुलगा आला, मागचं झाकण काढलं, दोन मिनिटं टॉर्च मारला आणि म्हणाला, "मॅडम, पीसीबी गेलाय. हे मॉडेल बंद झालं, बोर्ड येत नाही आता. लाईफ संपली याची, एक्स्चेंजमध्ये टाका." सहा वर्षं फक्त! ड्रम ठणठणीत, मोटर ठणठणीत, आणि तळहाताएवढा इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड गेला म्हणून अख्खं मशीन भंगारात? त्या पोरावर राग नाही माझा, त्याला वरून जे सांगितलंय तेच तो बोलतो.

आमच्याकडे आईचं शिलाई मशीन आहे, पायाचं. आजोबांनी तिला लग्नाआधी जुन्यातलं घेऊन दिलेलं, त्यामुळे त्याचं खरं वय कुणालाच माहीत नाही. दिवाळीच्या आधी आई ते मागे कलतं करून खालचा दोऱ्यांचा सगळा गुंता जुन्या टूथब्रशने काढायची, भोकाभोकात तेल सोडायची आणि मग आधी एखादी चिंधी शिवून बघायची, नव्या कापडाला तेलाचा डाग नको म्हणून. चामड्याचा पट्टा तुटला, नवा घातला. शटल झिजलं, तेही मिळालं. "लाईफ" वगैरे शब्द त्या घरात कुणी काढलाच नाही.

मला वाटतं सजीवाचं आयुष्य त्याच्या आतूनच ठरलेलं असतं. आपल्या सह्याद्रीतली कारवी बघा ना, सात वर्षं नुसती वाढते, मग एकदाच अख्खा डोंगर जांभळा करते, बी टाकते आणि वाळून जाते. त्यात काही अन्याय नाही, तिचं काम पुरं झालं. वस्तूच्या आत असलं काही नसतं हो! तिचं आयुष्य म्हणजे दुरुस्त करणारा हात आणि मिळणारा पार्ट, बस्स. ते दोन्ही कुणी ठरवून बंद केलं तर त्याला लाईफ संपली नाही म्हणायचं, मारून टाकलं म्हणायचं.

आणि हे काही आजचं नाही. 1924 मध्ये मोठमोठ्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात कार्टेल केलं, म्हणजे आपसात संगनमत केलं, आणि बल्बचं आयुष्य हजार तासांवर आणून ठेवलं, आधी दीड-दोन हजार तास चालणारे बल्ब होते. ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्याला दंड! चांगला माल बनवला म्हणून दंड!! शंभर वर्षं झाली, डोकं तेच.

हो, जुना फ्रिज वीज जास्त खातो, मान्य. गॅसची नळी पाच वर्षांनी बदलायचीच, तिथे भावना नकोत. पण धडधाकट मशीन बोर्डासाठी फेकायचं हे मला पटणार नाही, कुणी कितीही समजावलं तरी.

आई शेवटी आजारी होती तेव्हा भेटायला येणारी माणसं जाताना दाराशी हळूच म्हणायची, "वय झालंय हो आता." तेव्हा खूप लागायचं ते. आज लिहिता लिहिता वाटतंय, खरंच वय झालं होतं तिचं. तिचे दिवस कुणी मीटिंगमध्ये बसून ठरवले नव्हते. म्हणून आई आठवली की रडू येतं, राग येत नाही. तिच्या मशीनवर परवाच पडदे आखूड केले, टाका अजून सरळ पडतो.

युरोपात 2021 पासून नियम आहे, वॉशिंग मशीनचे मुख्य पार्ट निदान दहा वर्षं मिळालेच पाहिजेत. आपल्याकडे 2022 मध्ये राईट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, सरकारी पोर्टल निघालं, चांगलंच झालं, पण पोर्टलने माझा बोर्ड येणार आहे का? प्रत्येक डब्यावर एमआरपी छापता ना, मग त्याच्याच शेजारी पार्ट किती वर्षं मिळणार तेही छापा. कायद्याने सक्ती करा. जो पंधरा वर्षं लिहील त्याचं मशीन मी दोन-चार हजार जास्त देऊन घेईन, आणि तुम्हीही घ्याल.