चाळीसला बेचाळीसचा ओव्हरटेक

परवा संध्याकाळी एक्सप्रेसवेने मुंबईहून पुण्याला येत होतो. खोपोली मागे पडली, घाट लागला. डाव्या लेनमध्ये सिमेंटचा बल्कर, मधल्या लेनमध्ये कंटेनर. इथवर ठीक. तेवढ्यात कंटेनरच्या मागच्या ट्रेलरला काय लहर आली कोण जाणे, इंडिकेटर न देता थेट उजव्या लेनमध्ये! झालं. तीन लेन, तिन्ही बंद.

पुढे बराच वेळ मी त्या ट्रेलरच्या मागे लटकणारी काळी बाहुली आणि फाटकी चप्पल बघत बसलो. चप्पल डाव्या पायाची होती. एवढा वेळ मिळाला.

जरा हिशोब करा. कंटेनर ताशी 40 ने चाललाय, ट्रेलर 42 ने. फरक 2 किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर. दोन्ही गाड्यांची लांबी आणि मधलं अंतर धरून 50 मीटर काढायचे तर दीड मिनिट. तोवर एक किलोमीटर रस्ता संपतो आणि मागे रांग लागते ती वेगळीच.

भरलेल्या गाडीला चढावर पाय काढणं परवडत नाही, हे मला कळतं. एकदा गिअर खाली आला की वेग पुन्हा धरता धरत नाही. त्यात 2018 साली सरकारने ट्रकांची वजनाची मर्यादा वाढवली, घाटाचा चढ मात्र होता तेवढाच राहिला. म्हणून मधल्या लेनपर्यंत माझी तक्रार नाही. पण उजवी तरी सोडा ना राव!

सपाटीला तर ही सबबही चालत नाही. ज्याला ओव्हरटेक होतोय त्याने दहा सेकंद पाय सैल सोडला तर विषय संपतो. पण नाही. शेजारी गाडी आली रे आली की यालाही जोर चढतो.

आणि कारवाल्यांनो, हसू नका. उजव्या लेनमध्ये 70 ने रेंगाळायचं आणि मागून कुणी डिपर दिला की आरशात बघून डोळे वटारायचे, हे आपलेच लोक.

माझंही सांगतो. बल्कर जरा मागे पडला, त्याच्यापुढे फट दिसली आणि मी दोन लेन कापून डावीकडून गाडी काढली. चूकच. मागच्या सीटवर आईची रामरक्षा सुरू झाली, ती कामशेतच्या बोगद्यापर्यंत थांबली नाही.