आठ जणांच्या टेबलाविषयी आपण लिहिलेल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या पर्यटन संस्थेमार्फत आरक्षित केलेल्या सात रात्रींच्या क्रूझबद्दल आपण एक तारा देऊन सविस्तर अभिप्राय लिहिला आहे. जहाज, केबिन किंवा किनाऱ्यावरच्या सहली यांविषयी आपली तक्रार नाही. सगळी नाराजी रात्रीच्या जेवणाच्या टेबलाबद्दल आहे. आपल्याला उभयतांना सहा अनोळखी प्रवाशांबरोबर आठ जणांच्या टेबलावर बसवले, खिडकीलगतची दोघांची टेबले रिकामी दिसत असूनही दिली नाहीत, जहाज कंपनी खर्च वाचवण्यासाठी ही पद्धत राबवते आणि आम्ही ती आपल्यापासून लपवली, म्हणून भाड्यातील जेवणाचा हिस्सा परत मिळावा, असे आपले म्हणणे आहे. हा अभिप्राय वाचून इतर प्रवासीही आपला निर्णय ठरवणार असल्याने उत्तर इथेच, सर्वांसमोर देत आहे.

आधी लपवाछपवीच्या आरोपाबद्दल. आमच्या बुकिंग फॉर्ममध्ये जेवणाची वेळ आणि टेबलाचा आकार यांसाठी स्वतंत्र रकाने आहेत. आपण ज्या जहाजावर गेलात तिथे दोन्ही सोयी होत्या: रोज ठरावीक वेळी, ठरावीक टेबलावर जेवण्याची, किंवा आपल्या सवडीने जाऊन त्या वेळी मिळेल त्या टेबलावर बसण्याची. आपण पहिली सोय निवडली, त्यातही लवकरचे सिटिंग (म्हणजे जेवणाची पाळी) घेतले, आणि टेबलाच्या आकारापुढे ‘कोणतेही चालेल’ असे लिहिले. कन्फर्मेशनच्या कागदावर हीच नोंद छापलेली होती. दोघांचे टेबल मागितले असते तर ते नक्की मिळालेच असते, असे मात्र मी म्हणणार नाही. अशी मागणी जहाज कंपनीकडे विनंती म्हणूनच नोंदवली जाते, आणि दोघांची टेबले कोणत्याही जहाजावर मागणीच्या मानाने थोडीच असतात.

खिडकीजवळच्या रिकाम्या टेबलांचे कोडे बहुतेक प्रवाशांना पडते, आणि ते पडणे स्वाभाविक आहे. मोठ्या जहाजाच्या मुख्य डायनिंग रूममध्ये सगळे प्रवासी एकाच वेळी मावत नाहीत. म्हणून संध्याकाळी सहाच्या सुमाराचे एक आणि साडेआठच्या सुमाराचे दुसरे, अशी दोन सिटिंग्ज पूर्वापार चालत आली आहेत. दालनाचा काही भाग सवडीने येणाऱ्यांसाठी राखलेला असतो आणि त्यांतली बरीच मंडळी उशिराच येतात. त्यामुळे आपल्याला सव्वासहाला रिकामे दिसलेले टेबल सात वाजता कोणाच्या तरी नावावर असण्याची शक्यता असते. शिवाय एक वेटर आणि त्याचा मदतनीस यांच्याकडे लागून असलेली काही टेबले नेमून दिलेली असतात. पाहुण्यांना ऐनवेळी इकडचे तिकडे हलवले, की एका जोडीवर कामाचा ढीग पडतो आणि दुसरी हात बांधून उभी राहते.

बाकीचे येईपर्यंत ताटकळत बसावे लागले, असेही आपण लिहिले आहे. त्याचे कारण स्वयंपाकघराच्या रिवाजात आहे: एका टेबलाची ऑर्डर एकत्र घेतली जाते आणि प्रत्येक फेरीचे पदार्थ सर्वांसाठी एकदमच बाहेर येतात. एक जोडपे वीस मिनिटे उशिरा आले तर उरलेल्या सहा जणांचे जेवण अडते. पण अशा वेळी थांबायचे नसेल तर वेटरला तसे सांगता येते, आणि तो सुरुवात करून देतो. हे फारच थोडे प्रवासी करतात. संकोच आड येतो.

खर्च वाचवण्याच्या मुद्द्यात तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. तेवढ्याच जागेत दोघांच्या सुट्या टेबलांपेक्षा आठ जणांची गोल टेबले मांडली तर अधिक माणसे बसतात, हा साधा हिशेब आहे. पण ही पद्धत केवळ त्या हिशेबावर टिकलेली नाही. जुन्या प्रवासी जहाजांवर जमिनीला जखडलेल्या फिरत्या खुर्च्या आणि लांबच लांब टेबले असत, आणि शेजारी कोण येईल हे प्रवाशाच्या हातात नसे. 1905 मध्ये ‘अमेरिका’ या जर्मन जहाजावर रिट्झ या नामांकित हॉटेलच्या नावाने वेगळे रेस्टॉरंट निघाले आणि जादा पैसे मोजणाऱ्यांना मनाजोगे टेबल मिळू लागले. सर्वसामान्य प्रवाशाला ती मोकळीक मिळायला बराच काळ जावा लागला; नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 2000 मध्ये ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणून ठरावीक वेळ आणि ठरावीक टेबल दोन्ही सोडून दिले. उलट रॉयल कॅरिबियन या कंपनीने 2014 मध्ये ‘क्वांटम ऑफ द सीज’ या जहाजावर एकच मोठी डायनिंग रूम न ठेवता अनेक लहान रेस्टॉरंट्सची योजना आणली, तेव्हा जुने प्रवासी आपले नेहमीचे टेबल आणि नेहमीचा वेटर मागू लागले आणि काही काळाने कंपनीला जुन्या वळणावर परतावे लागले. डिस्नेच्या जहाजांवर तर 1998 पासून प्रवासी रोज वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जातात, पण वेटर मात्र त्यांच्याबरोबर फिरतात. त्यामागे ओळखीच्या वेटरची हीच ओढ आहे.

अनोळखी लोकांचे टेबल आवर्जून मागणारेही पुष्कळ असतात, त्यांत एकट्याने प्रवास करणारे प्रामुख्याने. केबिनचे भाडे दोघांच्या हिशेबाने आकारले जात असल्यामुळे त्यांना बहुतेकदा जवळपास दुप्पट पैसे मोजावे लागतात, आणि एवढे करून रोज रात्री भिंतीकडे तोंड करून एकटे जेवायचे, ही कल्पना त्यांना नकोशी वाटते. आमच्या यादीतून सामायिक टेबलाचा पर्याय काढून टाकावा, ही आपली सूचना म्हणूनच आम्हाला स्वीकारता येत नाही.

आता ज्या एका मुद्द्यावर मी पूर्णपणे आपल्या बाजूने आहे, त्याविषयी. टेबलावरील एका गृहस्थांनी पहिल्याच रात्री आपला पगार विचारला आणि दुसऱ्या रात्री मुलबाळ नसण्याचे कारण विचारले, असे आपण लिहिले आहे. हे वागणे कोणत्याही टेबलावर अशोभनीयच आहे, आणि ते सात रात्री सहन करण्याची आपल्यावर कोणतीही सक्ती नव्हती. जहाजावर चढण्याच्या दिवशी दुपारी डायनिंग रूमचे प्रमुख टेबल बदलण्याच्या विनंत्या घेण्यासाठीच बसलेले असतात; पुढेही जेवणाच्या वेळेआधी त्यांना गाठून दोन वाक्ये सांगितली तरी ते मार्ग काढतात, आणि मागे राहिलेल्यांना कारण कळू न देण्याची कला त्यांना चांगली साधलेली असते. आमच्या मदत क्रमांकावर एक निरोप ठेवला असता तरी आम्ही जहाजाशी संपर्क साधला असता. आम्हाला हे सगळे आपण परतल्यावर, तेही या अभिप्रायातूनच, कळले.

इथे माझे एक मत नोंदवतो. ते आमच्या कर्मचाऱ्यांनाही पटत नाही. प्रवाशांना आठ जणांच्या टेबलाची धास्ती वाटते, पण मला चार जणांचे टेबल अधिक अवघड वाटते. तिथे समोरचे जोडपे अबोल निघाले किंवा अतिबोलके निघाले, तर सुटका नाही. आठ जणांत खुर्ची बदलली की शेजार बदलतो. शिवाय एखाद्या रात्री दोघे-चौघे दुसऱ्या रेस्टॉरंटमध्ये जातात आणि टेबल आपोआप सैल होते. (दोघांची टेबले अनेक जहाजांवर इतकी खेटून मांडलेली असतात की शेजारच्यांचे भांडण शब्दन् शब्द ऐकू येते. एकांताचा हिशेब करताना तेही धरावे.)

परताव्याबद्दल स्पष्ट सांगतो. मुख्य डायनिंग रूममधील जेवण क्रूझच्या भाड्यात अंतर्भूत असते आणि त्याची वेगळी किंमत लावलेली नसते. ती सोय आपल्याला निवडलेल्या स्वरूपात मिळाली असल्यामुळे आम्हाला परतावा देता येणार नाही. टेबलावरील त्या गृहस्थांच्या वागण्याबद्दल जहाज कंपनीकडे लेखी तक्रार करायची असेल, तर टेबल क्रमांक आणि सिटिंगची वेळ आपल्या केबिनच्या की-कार्डवर छापलेली आहे. ती आम्हाला कळवा, तक्रार आमच्या पत्रासह आम्ही पुढे पाठवू. पुन्हा कधी आमच्यामार्फत गेलात, तर सवडीने जेवण्याचा पर्याय घ्यावा आणि दारावर ‘इतरांबरोबर बसायला चालेल का’ असे विचारले, की सरळ नाही म्हणावे. गर्दीच्या वेळी थोडे थांबावे लागेल. फारशी रांग नको असेल तर अगदी सुरुवातीला किंवा आठनंतर जावे.

आपला,
संचालक