रास्पबेरी पाय फ्लॉपी वाचत नाही, ड्राइव्हचं सोंग घेतो

आमच्या दारव्हा तालुक्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) घ्या, थेट वायर जोडा, जुन्या फ्लॉपीतला सगळा डेटा निघतो.' त्या भरवशावर काल एक काका जिनिंगच्या हिशेबाच्या फ्लॉप्या थैलीभर घेऊन माझ्याकडे आले. उन्हातान्हात, एसटीनं.

मेसेजात गोष्ट उलटी झाली आहे. पाय फ्लॉपी वाचत नाही, तो जुन्या कॉम्प्युटरसमोर ड्राइव्ह असल्याचं सोंग घेतो. फ्लॉपीची प्रतिमा-फाइल, म्हणजे तिच्यातल्या सगळ्या डेटाची जशीच्या तशी नक्कल, मेमरी कार्डावर आधीच असावी लागते. कमोडोर ६४ या १९८० च्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरचंच बघा. त्याच्या '१५४१' नावाच्या फ्लॉपी ड्राइव्हमध्ये स्वतःचा ६५०२ प्रोसेसर होता. 'पाय-१५४१' हा प्रोग्राम त्या प्रोसेसरचीही हुबेहूब नक्कल करतो, आणि वेळेचा ताल चुकू नये म्हणून लिनक्सशिवाय (पायवर एरवी चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय) थेट पायवर चालतो. 'पाय-स्कझी' हा प्रोग्राम असंच सोंग जुन्या स्कझी (SCSI) जोडणीच्या हार्ड डिस्कचं घेतो. पण खऱ्या फ्लॉपीवरचं चुंबकीय लिखाण वाचायला हेड (चुंबकीय खुणा वाचणारा भाग) असलेला खरा ड्राइव्हच लागतो.

काकांच्या फ्लॉप्या साडेतीन इंची, १.४४ एमबीच्या निघाल्या. त्यांना साधा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह पुरतो. सव्वापाच इंचीला मात्र तो चालत नाही. तिथं जुना ड्राइव्ह आणि 'ग्रीसविझल'सारखं कंट्रोलर कार्ड हवं. बुरशी दिसली तर फ्लॉपी घालूच नका, हेडही खराब होईल.

अन् पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या, जुनी यंत्रं ५ व्होल्टची. मेसेजातल्यासारखी थेट वायर जोडली तर पाय जळू शकतो. मधे लेव्हल शिफ्टर, म्हणजे ५ आणि ३.३ व्होल्टचा मेळ घालणारं छोटं सर्किट, लावा.