बुश, प्रोटॉन आणि तंबोऱ्याची जोडी

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मुद्द्याला धरून आहे आणि कारखान्यात रोज हात काळे करणाऱ्या माणसाने लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर उत्तर देतो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो.

कारखान्यात तयार झालेल्या कोणत्याही दोन वस्तू पूर्णपणे सारख्या नसतात, असं मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमच्या तीन हरकती आहेत. पहिली: सांगलीजवळच्या कुपवाडच्या तुमच्या शॉपमध्ये २५ मिलिमीटर बोअरचे (आतल्या भोकाचे) स्टीलचे बुश, म्हणजे ज्यात शाफ्ट (दांडा) फिरतो त्या नळ्या, सीएनसी म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर निघतात, माप तपासणारा गेज लावला की सगळे पास होतात, मग मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे) फरक काढत बसणं म्हणजे निव्वळ शब्दांचा कीस. दुसरी: सगळे इलेक्ट्रॉन सारखे असतात हे विज्ञानच सांगतं, म्हणजे पूर्ण सारखेपणा शक्य आहे, बुश आणि इलेक्ट्रॉन यांत फक्त अचूकतेचा फरक आहे आणि यंत्रं सुधारली की तोही राहणार नाही. तिसरी: नक्कल ओळखताच येत नसेल तर नक्कल आणि मूळ चित्र एकच, शिवाय मिरजेत तंबोऱ्याच्या जोड्या हातानेसुद्धा एकसारख्या बनतात.

माझा खरा वाद दुसऱ्या हरकतीशी आहे. पण ती खोडायची तर सुरुवात बुशपासूनच करावी लागेल.

ड्रॉइंगवर २५ एच-७ (भोकाच्या मापाला किती सूट, हे सांगणारी खूण) लिहिलेलं असेल तर बोअर २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर यांच्यामध्ये कुठेही चालतो. प्लग गेजची लहान, ‘गो’ बाजू आत गेली, मोठी, ‘नो-गो’ बाजू अडली, की जॉब (तयार वस्तू) पास. २५.००३ चा बुश आणि २५.०१८ चा बुश गेजच्या लेखी सारखेच. आता त्यात जी-६ (शाफ्टच्या मापाची तशीच खूण) चा शाफ्ट घाला. त्याची हद्द २४.९८० ते २४.९९३. पास झालेला बुश आणि पास झालेला शाफ्ट यांच्यातली फट ७ मायक्रॉनही असू शकते आणि ४१ मायक्रॉनही, म्हणजे जवळजवळ सहापट. तेलाचा थर किती जाड राहणार, आवाज किती येणार, झीज कशी होणार हे सगळं त्या फटीवर ठरतं. म्हणूनच जिथे फट सांभाळावीच लागते तिथे पास झालेले जॉबही पुन्हा मोजून गटांत लावतात आणि मोठ्या बुशला मोठा, लहान बुशला लहान शाफ्ट देतात. सगळे बुश खरोखर सारखे असते तर हा खटाटोप कुणी केला नसता.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे फरक कसेही विखुरलेले नसतात, त्यांना क्रम असतो. बोअरिंग करताना इन्सर्टचं, म्हणजे कापणाऱ्या पात्याचं, टोक झिजत जातं आणि बोअर हळूहळू लहान होत जातो. ऑपरेटर काही जॉबनंतर ऑफसेट देतो, म्हणजे यंत्राला हत्याराची जागा सुधारून देतो, बोअर एकदम वर उडी घेतो आणि पुन्हा उतरायला लागतो. जॉबवर क्रमांक टाकून मापांचा आलेख काढला तर करवतीच्या दातांसारखी रेघ दिसते. कोणता बुश नव्या इन्सर्टवर निघाला आणि कोणता इन्सर्ट बदलायच्या आधी, हे नुसत्या मापावरून बऱ्याच वेळा सांगता येतं. बुश आपला इतिहास अंगावर घेऊनच खोक्यात पडतो.

तापमानाचंही तेच. मापं २० अंश सेल्सिअसला गृहीत धरलेली असतात, आणि एप्रिल-मेमध्ये सांगलीत शॉपमध्ये ३८-४० अंश सहज असतात. गेज आणि जॉब दोन्ही स्टीलचे आणि दोन्ही सारखेच तापलेले असतील तर फारसं बिघडत नाही. बिघडतं ते कटिंग संपल्यावर लगेच गेज लावला की. जॉब ४५ अंशांवर, गेज ३० वर: २५ मिलिमीटरला साधारण ४ मायक्रॉनचा फरक पडतो. खालच्या हद्दीला टेकलेला बोअर गरम असताना गेज आत घेतो आणि दुसऱ्या दिवशी गार झाल्यावर गेज अडतो. संध्याकाळी पास, सकाळी रिजेक्ट.

आणि ज्या चुकीकडे सर्वांत कमी लक्ष जातं ती चकची, म्हणजे जॉब धरणाऱ्या पकडीची. पातळ भिंतीचा बुश तीन जॉच्या (जबड्यांच्या) चकमध्ये घट्ट आवळला की तो तीन ठिकाणी आत दबतो. त्या दबलेल्या अवस्थेत बोअर गोल निघतो. चक सोडला की भिंत परत फाकते आणि बोअरला तीन फुगवटे येतात. डायल बोअर गेज दोन समोरासमोरच्या बिंदूंमधलं अंतर मोजतो. इथे एका फुगवट्याच्या समोर नेमका चपटा भाग येतो, बेरीज जवळपास तीच राहते आणि गेज कसाही फिरवला तरी काटा फारसा हलत नाही. ‘गोल आहे’ असा शेरा पडतो. खरी गोलाई पाहायची तर तीन बिंदूंचा बोअर गेज किंवा राउंडनेस टेस्टर लागतो. उपाय म्हणजे मऊ धातूचे सॉफ्ट जॉ जॉबच्या मापाला बोअर करून घेणं, चकचा दाब कमी करणं, नाहीतर कॉलेट (सगळीकडून सारखं आवळणारी पकड) वापरणं. म्हणजे ‘सारखे’ हा निकालसुद्धा तुम्ही कोणतं हत्यार घेऊन मोजायला बसलात यावर अवलंबून असतो.

अचूकता वाढवत नेली तर? जगात सर्वांत जपून बनवलेल्या जोडवस्तू म्हणजे किलोग्रॅमची वजनं. १८८९ पासून पॅरिसजवळ प्लॅटिनम-इरिडियमचं एक वजन, ३९ मिलिमीटर उंच आणि तेवढंच रुंद, मूळ किलोग्रॅम म्हणून ठेवलेलं होतं. त्याच्याच मिश्रधातूच्या प्रती देशोदेशी गेल्या. भारताची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. शंभर वर्षांत मूळ आणि काही प्रती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचं अंतर पडलं. प्रती जड झाल्या की मूळ हलकं झालं, हे ठरवायला कोणतीच जागा नव्हती, कारण मूळ वजन व्याख्येनेच एक किलो होतं. २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लँकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर, बसवला, तेव्हा तो प्रश्न सुटला. प्रमाणासाठी वस्तूवर विसंबून राहणं मोजमापवाल्यांनी स्वतःच सोडून दिलं.

तत्त्वज्ञांचा प्रश्न याहून वेगळा आहे. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझचं म्हणणं होतं की दोन वस्तूंचे सगळेच गुण जुळत असतील तर त्या दोन नाहीतच, एकच आहे. १७१६ मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ क्लार्कला लिहिलेल्या पत्रात तो हॅनोव्हरजवळच्या हेरेनहाउझन बागेतला प्रसंग सांगतो: एका गृहस्थाला वाटलं दोन हुबेहूब पानं सापडतील, तो बागभर फिरला, सापडली नाहीत. नंतरचा जर्मन तत्त्वज्ञ कांट याने यावर हरकत घेतली की पाण्याचे दोन थेंब आतून अगदी सारखे असले तरी वेगळ्या जागी आहेत एवढ्यानेच ते दोन होतात. १९५२ मध्ये तत्त्वज्ञ मॅक्स ब्लॅकने आणखी पुढे जाऊन विचारलं: सगळं विश्व रिकामं आहे आणि त्यात शुद्ध लोखंडाचे फक्त दोन सारखे गोळे आहेत. एकाबद्दल जे म्हणता येईल ते दुसऱ्याबद्दलही म्हणता येतं. तरी ते दोन आहेत ना?

हा वाद आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी झालेला आहे, आणि मला तो जास्त धारदार वाटतो. वैशेषिक या भारतीय दर्शनाच्या विचारवंतांपुढे अडचण होती पृथ्वीच्या दोन परमाणूंची. जात एक, गुण एक, अवयव नाहीत. मग दोन कशाने? त्यांनी प्रत्येक नित्य (नाश न होणाऱ्या) द्रव्यात त्याचा त्याचा स्वतंत्र ‘विशेष’ मानला. विशेष एकमेकांपासून कशाने वेगळे, असं विचारलं तर उत्तर होतं, ते स्वतःच वेगळे. नव्यन्याय या नंतरच्या तर्कपरंपरेतल्या रघुनाथ शिरोमणीने तिथेच बोट ठेवलं: विशेष आपले आपण वेगळे राहू शकतात, तर परमाणूच आपले आपण वेगळे आहेत असं म्हणा की. मध्ये हा जास्तीचा पदार्थ कशाला?

आता तुमचा इलेक्ट्रॉन. तो ‘फार म्हणजे फारच अचूक बनवलेला बुश’ नाही, एवढंच मला या सगळ्या उत्तरात सांगायचं आहे.

दोन नाणी घ्या. हव्या तितक्या अचूक टांकसाळीत पाडा, अगदी अणूच्या जागी अणू बसवा. दोन्ही एकदम उडवली की चार शक्यता: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. एक छापा आणि एक काटा येण्याची शक्यता निम्मी. नाणी ओळखता येत नसली तरी निम्मीच, कारण कोणता छापा कोणाचा हे आपल्याला कळो न कळो, ते दोन वेगळे प्रसंग घडतातच. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून आइन्स्टाइनला पाठवलेल्या लेखात प्रकाशकणांची मोजणी अशी केलीच नाही. त्यांच्या पद्धतीने दोन कण दोन अवस्थांत ठेवायचे तर प्रकार तीनच: दोन्ही पहिल्या अवस्थेत, दोन्ही दुसऱ्या, किंवा एकेक. तिन्हींना सारखं वजन, म्हणून ‘एकेक’ची शक्यता एक तृतीयांश. इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत तर दोघं एका अवस्थेत बसतच नाहीत, उरतो फक्त ‘एकेक’ हा एकच प्रकार. अचूकता वाढवत नेली म्हणून नाण्यांची निम्मी शक्यता घसरून एक तृतीयांशावर येत नाही. या वाटेने इलेक्ट्रॉनपर्यंत पोहोचता येत नाही.

हे कागदावरचं गणित वाटत असेल तर हायड्रोजनच्या टाकीचं उदाहरण घ्या, तुमच्यासारख्या माणसाला ते जास्त पटेल. हायड्रोजनच्या रेणूत दोन प्रोटॉन, दोन्ही हुबेहूब सारखे. त्यामुळे रेणूला वाटेल तसं फिरता येत नाही, त्याचे दोन प्रकार पडतात: ऑर्थो (दोन प्रोटॉनांची फिरकी, म्हणजे स्पिन, एकाच दिशेची) आणि पॅरा (उलट दिशांची). नेहमीच्या तापमानाला त्यांचं प्रमाण ३ ला १. वायू २० केल्विनपर्यंत (सुमारे उणे २५३ अंश सेल्सिअस) थंड करून द्रव केला तरी ऑर्थो लगेच पॅरा होत नाही. तो टाकीत पडल्या पडल्या दिवसेंदिवस सावकाश बदलत राहतो आणि बदलताना उष्णता सोडतो. पूर्ण बदलाची उष्णता किलोला सुमारे ५२७ किलोज्यूल. द्रव हायड्रोजन उकळायला लागतात सुमारे ४४६. म्हणजे बाहेरून तसूभर उष्णता आत येऊ दिली नाही तरी भरलेल्या द्रवाचा मोठा भाग आतल्या आत उकळून उडून जातो. म्हणून द्रवीकरण चालू असतानाच लोहाच्या ऑक्साइडसारख्या उत्प्रेरकावरून वायू नेतात आणि आधीच पॅरा करून घेतात. आणि पुरावा हा: दोनांपैकी एका प्रोटॉनच्या जागी ड्यूटेरियमचं (जड हायड्रोजनचं) केंद्रक आलं, म्हणजे दोन केंद्रकं वेगळी झाली, की ऑर्थो-पॅरा हा भेदच उरत नाही. प्रोटॉन ‘जवळजवळ सारखे’ असते तर हे घडलं नसतं. बुशच्या बाबतीत सारखेपणा म्हणजे आपण दिलेली सूट; इथे तो निसर्गाच्या हिशेबात धरलेला आहे आणि त्याची किंमत टाकीत मोजावी लागते.

कलेबद्दलची तुमची हरकत चित्रापुरती घेतली तर तिला एक अडचण आहे. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकावर एक अचूक बसवलेले ठसे. त्या दगडांवरून निघालेल्या तसबिरींपैकी ‘मूळ कोणती’ हा प्रश्न निरर्थक आहे. सगळ्या सारख्याच मूळ. पण साताऱ्याहून औंधला जाऊन भवानी संग्रहालयात रविवर्म्यांच्या तैलचित्रांपुढे उभं राहिलात तर प्रश्न लगेच अर्थपूर्ण होतो, कारण तिथे त्या हाताने तो रंग त्या कॅनव्हासवर लावला ही घटना चित्राचाच भाग आहे. हुबेहूब नक्कल केली तरी ती घटना नकलेत येत नाही. फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशाँने १९१७ मध्ये कलाकृती म्हणून पाठवलेल्या मुतारीचं तर उलटंच झालं. मूळ वस्तू कारखान्यातली होती, ती हरवली, आणि १९६४ मध्ये छायाचित्रावरून तिच्या प्रती कारागिरांकडून हाताने घडवून घ्याव्या लागल्या.

राहिली मिरजेची जोडी. कारागीर एकाच घेराचे दोन भोपळे निवडतो, दांडी आणि तबली (भोपळ्यावरचं लाकडी झाकण) एकाच लाकडाची घेतो, लांबी एक ठेवतो. भोपळ्याच्या भिंतीची जाडी मात्र त्याच्या हातात नसते, ती वेलीवर ठरते. म्हणून जोडी जुळते ती घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित बाकदार असते, तार तिच्यावर खालीवर टेकत झणकारते. १९२१ मध्ये सी. व्ही. रमण यांनी दाखवलं की या घोडीमुळे आणि तारेखालच्या दोऱ्यामुळे तारेतून असे स्वरांश उमटतात जे छेडण्याच्या जागेमुळे एरवी उमटायलाच नकोत. त्या बाकाची कानस थोडी जास्त फिरली किंवा दोरा केसभर सरकला की जवारी, म्हणजे तो झणकार, बदलते. भोपळ्यांत राहिलेला फरक कारागीर इथे कानाने भरून काढतो. म्हणजे दोन तंबोऱ्यांच्या घोड्या मुद्दाम थोड्या वेगळ्या घासल्या जातात, तेव्हा आवाज जुळतो. मैफलीत तर एक तंबोरा पंचमाला आणि दुसरा निषादाला लावण्याचीही पद्धत आहे. जोडीचा अर्थ दोन प्रती असा तिथे नाहीच.

घरात जोडी असेल तर जुळवताना चारही तारा दोन्ही तंबोऱ्यांवर एकदम बदला, जुन्या-नव्या मिसळू नका. दोरे काढून आधी सूर लावा. काळी एकच्या षड्जाला, म्हणजे १३८.६ हर्ट्झला, दुसरा तंबोरा अर्ध्या हर्ट्झनेही मागे असेल तर दर दोन सेकंदांनी एक लाट ऐकू येते. ती तारेवरच्या मण्याने घालवा. मग दोरे एकेक तारेखाली सरकवा आणि दोन्ही तंबोऱ्यांची तीच तार आलटून पालटून छेडून पाहा. दोऱ्याने जुळत नसेल तरच घोडीला हात लावायचा, कारण कानशीने गेलेलं परत येत नाही. वापराने तार घोडीत खाच पाडते आणि जो तंबोरा जास्त वाजतो त्याची खाच खोल होते. म्हणून दोन्ही सारखे वाजवा, आणि जवारी करायला देताना एकटा तंबोरा देऊ नका, जोडीच द्या.