अणुऊर्जेवर मत असं ठोकावं

परवा सोसायटीच्या मीटिंगला विषय होता गच्चीवर सोलर बसवण्याचा. दहा मिनिटांत गाडी जैतापूरच्या प्रस्तावित अणुप्रकल्पावर पोचली आणि सोलर राहिलं बाजूला. तिथे जे ज्ञान मिळालं ते एकट्याने पचवणं बरं नव्हे.

पहिलं म्हणजे, माहिती घेऊ नका. आवाज बसतो.

विरोध करायचाय? चेर्नोबिल आणि फुकुशिमा एवढं म्हणून खाली बसा. २०११ साली जपानमधली हजारो माणसं भूकंप-त्सुनामीत गेली, किरणोत्सर्गाने नाही, असली बारीक कटकट कोणी काढलीच तर 'तुम्ही सरकारचे का हो?' असं विचारा.

बाजूने बोलायचंय? 'स्वच्छ, स्वस्त, सुरक्षित' एका दमात. कचऱ्याचं विचारलं की 'शास्त्रज्ञ बघतील'. प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायला सुमारे २४ हजार वर्षं लागतात, सावकाश बघतील. जैतापूरला आणायची म्हणतात त्याच ईपीआर जातीची अणुभट्टी फ्रान्सने फ्लामाँव्हिलला २००७मध्ये बांधायला घेतली, वीज ग्रीडमध्ये आली २०२४च्या डिसेंबरात. द्वारका चौकात अडकणाऱ्या नाशिककराला याचं काय कौतुक!

धोका मोजताना मात्र नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्राकडे पाठ करून बसा. तिथे कोळसा जळतो. कोळशाच्या धुराने माणसं एकेक करून, आपापल्या घरी, खोकत जातात. त्याची ब्रेकिंग न्यूज होत नाही. राखेत युरेनियम-थोरियमचा अंश असतो, पण राख ओळखीची, म्हणून चालते. अणू अनोळखी, म्हणून भीती. बरं, भीती वाटते तर वीज कमी वापरा! ते नाही. त्याच मीटिंगमध्ये 'अणू नकोच, कोळसाही नको' म्हणणाऱ्या गृहस्थांनी पुढच्याच मिनिटाला पार्किंगमध्ये दोन चार्जिंग पॉइंट मागितले. अहो, रात्री दहाला गाडी चार्जिंगला लावणार, तेव्हा वीज कुठून आणायची? तुमच्या भाषणातून?

आणि 'भट्टी हवीच' म्हणणारे, तुम्हीही ऐका. तारापूरच्या तीन आणि चार नंबरच्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी-पोफरणच्या लोकांना घरंदारं सोडावी लागली. त्यांच्या पुनर्वसनाचं पुढे काय झालं, कधी विचारलंत? उद्या गंगापूर धरणाशेजारी भट्टी आणतो म्हटलं तर तुमच्या फार्महाऊसचा भाव काय होईल, याचा हिशेब पहिल्यांदा तुम्हीच कराल. मग जैतापूर प्रकल्पाच्या जागेवरच्या माडबनच्या माणसाला अडाणी म्हणायची जीभ होते कशी?