निरंक

रविवारी दूध आणायला खाली उतरलो तर लिफ्टशेजारच्या फलकावर माझं नाव. थकबाकीदार! गोरेगावातल्या या सोसायटीत मी मेंटेनन्स आगाऊ भरतो, पावत्या फाइलला लावतो. वॉचमननं वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीचा नमस्कार केला नाही.

खजिनदार काका म्हणाले, "यादी कम्प्युटरनं काढलीय."

यादीचं पान त्यांच्या भाच्यानं पीएचपीत, म्हणजे वेबसाइट बनवायच्या एका भाषेत, लिहिलेलं. भाचा आता पुण्यात. मी हल्लीच पीएचपी शिकतोय, इफ-एल्सपर्यंत, म्हणजे अटींपर्यंत, आलोय. तेवढं पुरलं. अट एकच: बाकी == 0 (दोन बरोबर म्हणजे तुलना) असेल तर नाव वगळा, नाहीतर फलकावर. पण काकांचा जन्म बँकेत गेलेला. पैसे आले की ते रकान्यात 'निरंक' लिहितात. पीएचपी 7 पर्यंत अशा तुलनेत अक्षरांचा आकडा करायचा प्रयत्न व्हायचा, नाही जमला की शून्य. म्हणजे निरंक बरोबर शून्य, सगळे खूश. 2020 मध्ये आठवी आवृत्ती आली आणि उलट शून्याचंच अक्षर करून ताडून पाहू लागली. होस्टिंगवाल्यानं परवा ती चढवली. पैसे भरणारे सगळे एका रात्रीत बुडवे.

"काका, निरंकच्या जागी शून्य टाका."

"शून्य? म्हणजे काही भरलंच नाही असं वाटतं."

"मग 'निरंक'शीच तुलना करू. तीन बरोबर टाकून, म्हणजे अक्षराचा आकडा न करता."

"तीन कशाला? बरोबर ते बरोबर. एकात भागव."

"एका बरोबरनं तुलना होत नाही, काका. उजवीकडचं डावीकडे भरलं जातं."

"मग भर की शून्य! सगळ्यांची बाकी फिटली."

"शून्य भरलं की अट खोटी ठरते. अख्खी बिल्डिंग थकबाकीदार."

काका गप्प झाले. चेहऱ्यावरून वाटलं, त्यांना ते पटतंय.

तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या रकान्यात काकांनी 'कोर्टात' लिहिलंय. जुन्या आवृत्तीत कोर्टात बरोबर शून्य! छदाम न देता माणूस इतकी वर्षं यादीबाहेर, वर गणपतीच्या वर्गणीवरून आम्हाला शिस्त शिकवणार. आता फलकावर तो माझ्या शेजारी आहे, आणि सकाळी लिफ्टमध्ये त्यानं मला आपुलकीनं विचारलं, "तुमचा वकील कोण?"

पावत्या दाखवल्या. काकांनी चष्मा पुसून एकेक पाहिली, सही स्वतःचीच असल्याचं मान्य केलं आणि म्हणाले, "अर्ज दे. 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावीच लागते, तिथं ठेवू."

अर्ज कशाचा? माझे पैसे तुम्हाला मिळाले, याचा! तोही दोन प्रतींत, झेरॉक्स माझ्या खर्चानं.